सशाच्या वाटेने

मामीने स्टीलच्या डब्यात कोचईच्या पानांच्या वड्या भरल्या, झाकण दाबून बसवलं आणि डबा हातात देताना बजावलं, "सांभारून नेजो माय, अन् डबा वापस आनजो."

पौषातली सकाळ होती. नागभीड तालुक्यात, तळोधीच्या अलीकडे माझ्या मामाचं गाव. धान कापून, चुरून केव्हाच घरोघरच्या ढोल्यांत पोचलं होतं आणि बांध्यांमध्ये उरलेल्या ओलीवर लाखोरीला निळी-जांभळी फुलं आली होती. मामेभाऊ गाडी पुसत होता. चार दिवसांत नागभीड, चिमूर, ताडोबा, चंद्रपूर, मार्कंडा, वैरागड, वडसा, ब्रह्मपुरी असा फेरा मारून पुन्हा याच अंगणात यायचं, असं आम्ही ठरवलं होतं. या मुलखात वाघ बघायला माणसं येतात. आम्ही निघालो होतो गोष्टी बघायला.

नागभीड मला पहिल्यांदा भेटलं ते 'छोट्या लाईन'चं जंक्शन म्हणून. नागपूरच्या इतवारीहून नॅरोगेजची गाडी सुटायची, उमरेड, भिवापूर करत करत दुपारपर्यंत इथे आणून सोडायची. डब्यात माणसांपेक्षा टोपल्याच जास्त. भिवापूरला मिरचीचा खकाणा आत यायचा आणि अख्खा डबा शिंकायचा. त्या प्रवासात आजी गोष्टी सांगायची आणि गोष्ट संपायच्या आत नागभीड आलं तर उरलेली बैलबंडीत. नोव्हेंबर 2019 मध्ये ती गाडी बंद झाली आणि मार्ग रुंद करायचं काम सुरू झालं. आता गोंदिया-बल्लारशाह मार्गावरून मोठ्या गाडीने येता येतं, किंवा नागपूरहून उमरेडमार्गे रस्त्याने. साधारण शंभर किलोमीटर.

हा फेरा सुचला मात्र फार लांब, जर्मनीत. तीन वर्षांपूर्वी भाचीकडे कासेलला महिनाभर राहिले होते. कासेल म्हणजे ग्रिम बंधूंचं गाव. याकोब 1785 सालचा, विल्हेल्म 1786 चा, दोघांचा जन्म हानाऊचा. बालपण श्टाइनाऊला, शिक्षण मारबुर्गला आणि ऐन उमेदीची वर्षं कासेलच्या ग्रंथालयात. तिथे बसून त्यांनी लोकांच्या तोंडच्या गोष्टी जमवल्या आणि 1812 मध्ये पहिला खंड छापला. 1975 मध्ये तिकडच्या गावांनी एकत्र येऊन हानाऊपासून ब्रेमेनपर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटरचा 'परीकथांचा रस्ता' आखला. ग्रिम बंधू जिथे राहिले ती गावं आणि गोष्टी जिथे घडल्या असं मानतात ती गावं, अशी त्याची गुंफण आहे. ट्रेंडेलबुर्गच्या बुरुजावरून रपुंझेलची वेणी खाली सोडलेली दिसते. साबाबुर्गच्या किल्ल्यात झोपलेली राजकन्या. ब्रेमेनला गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकमेकांच्या पाठीवर उभे आहेत, 1953 सालचं ते ब्राँझचं शिल्प.

माझ्या मनात राहिली ती हामेलनची एक गल्ली. 26 जून 1284 या दिवशी रंगीबेरंगी कपड्यातला बासरीवाला गावातली 130 मुलं घेऊन गेला, ती याच गल्लीतून, असं सांगतात. उंदीर पळवून लावल्याची ठरलेली मजुरी गावाने बुडवली होती. त्या गल्लीत आजही वाद्य वाजवत नाहीत. लग्नाची मिरवणूक आली तरी गल्लीच्या तोंडाशी वाजंत्री थांबतात, पलीकडे गेल्यावर पुन्हा सुरू करतात. भाची हे सांगत होती आणि माझ्या कानात आजीचा आवाज घुमायला लागला. ताडोब्याच्या तळ्यात एक वरात बुडाली आणि तिचा ढोल अजून रात्री ऐकू येतो, ही तिची गोष्ट. एका गावाने सातशे वर्षं ढोल थांबवून धरलाय आणि आमच्याकडे एका तळ्याचा ढोल थांबतच नाही. त्याच संध्याकाळी मी मामेभावाला फोन केला.

पहिला मुक्काम घराजवळच. तळोधीच्या पुढे सोनापूरकडून पेरजागड चढता येतो. लोक त्याला सातबहिणीचा डोंगर म्हणतात. साग, तेंदू, मोह आणि बांबूच्या रानातून वाट वर जाते. माथ्यावरून पाहिलं की खाली धानाच्या बांध्या आणि त्यांच्यामध्ये जागोजागी पाणी चमकताना दिसतं. वरच्या कड्यांना आग्या मोहोळांची पोळी असतात. अगरबत्ती, विडी, अत्तर यांतलं काहीही घेऊन वर जाऊ नये. हे गंभीरपणे सांगते आहे, या माश्यांनी माणसांचे जीव घेतले आहेत. सात बहिणी इथल्या नेमक्या कोण, याबद्दल प्रत्येक गावाचं म्हणणं वेगळं. मला मात्र त्या महाराष्ट्रभर डोहाकाठी, विहिरीकाठी शेंदूर लावून पुजल्या जाणाऱ्या साती आसरांच्या सख्ख्या वाटतात. त्याही सातच आणि त्यांचीही राखण पाण्यावर. डोंगरावरून दिसणाऱ्या त्या पाण्याकडे बघताना हे प्रथम जाणवलं, आणि मग पुढच्या सगळ्या प्रवासात ते खरं ठरत गेलं. जर्मनीच्या गोष्टी रानात, नाहीतर बुरुजात घडतात. आमच्या गोष्टी पाण्याकाठी घडतात.

त्याला कारण आहे. हा धानाचा मुलूख. पाऊस भरपूर, पण धानाला हवा तेव्हा पडेलच याची खात्री नाही. म्हणून पिढ्यानपिढ्या इथे पाणी अडवत आले. शेताच्या वरच्या अंगाला छोटी बोडी, गावाच्या वर मोठा तलाव. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांमधला हीरशाह याने जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन द्यायचं जाहीर केलं होतं, अशी परंपरा सांगते. दुसरी कथा कोहळ्यांची. चांद्याचा राजा काशीयात्रेला गेला, तिथे ऊस पिकवण्यात आणि पाणी खेळवण्यात तरबेज माणसं त्याला दिसली आणि त्याने त्यांना सोबत आणलं. ते कोहळी. त्यांनी बांधलेल्या तलावांच्या पाळी आजही शाबूत आहेत. पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले आणि 1951 मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आलेले हे तलाव कागदोपत्री 'माजी मालगुजारी'. लोकांनी त्याचं 'मामा तलाव' करून टाकलं. नागभीडजवळचा घोडाझरी त्यांच्यापेक्षा बराच मोठा. डोंगरांमधली वाट बांध घालून बंद करून इंग्रजी अमदानीत केलेला, अजूनही त्याच्या नहराने शेकडो बांध्या भिजतात. 2018 मध्ये त्याच्या भोवतालच्या सुमारे 159 चौरस किलोमीटर रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

घोडाझरीच्या पाळीवर बसून मामेभावाने मला एक गोष्ट सांगितली, जिच्यात ना राजा ना राक्षस. याच तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शिक्षण जेमतेम, शेत दीड एकर. 1983 च्या सुमारास 'पटेल 3' या वाणाच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणे पिवळसर. कापणीत त्या मिसळू न देता त्यांनी बाजूला काढल्या. पुढच्या वर्षी निराळ्या पेरल्या, रानडुकरांपासून जपल्या, पुन्हा निवडल्या. होता होता तांदूळ असा बारीक आणि चवदार निघाला की तळोधीच्या बाजारात व्यापाऱ्याने नाव विचारलं. नाव नव्हतंच. तेव्हा एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, म्हणून धानालाही तेच नाव पडलं. आज देशभर एचएमटी तांदूळ खाल्ला जातो. दादाजींनी पुढे आणखीही वाण शोधले, मानसन्मान मिळाले, पण घरातली ओढाताण काही संपली नाही. 2018 च्या जूनमध्ये ते गेले. तीन जादूच्या दाण्यांच्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. या तीन लोंब्यांची गोष्ट ज्या शेतात घडली तिथे जाऊन धुऱ्यावर दोन मिनिटं उभं राहावं असं मला मनापासून वाटतं, आणि आम्ही राहिलो.

चिमूरच्या रस्त्याला शंकरपूरच्या बाजूला हिरापूर लागतं. उभ्या शिळांवर प्रचंड आडवी शिळा टाकून केलेली महापाषाणकाळातली घरं तिथे आहेत, मेलेल्यांसाठी बांधलेली. चिमूर गावात बालाजीचं देऊळ आणि माघातली घोडायात्रा. याच गावाने 16 ऑगस्ट 1942 ला इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केला आणि त्याची जबर किंमत मोजली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी पेटलेलं गाव म्हणून ते आमच्या लहानपणी सांगितलं जायचं. चिमूरच्या बसस्टँडजवळ चहाबरोबर वड्यांचा डबा उघडला आणि तिथेच संपवला.

ताडोब्याला कोलारा दरवाजातून पहाटेच्या जिप्सीने गेलो. बुकिंग आधी करावं लागतं, मंगळवारी आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं. 1955 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, 1986 मध्ये शेजारचं अंधारी अभयारण्य आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. आमच्या जिप्सीतले बाकीचे चौघे कॅमेरे सरसावून वाघाच्या आशेवर होते. वाघीण दिसलीही, रस्ता ओलांडून बांबूत शिरली. माझं लक्ष तळ्याकडे होतं.

तळं दिसलं तेव्हा त्यावर धुकं होतं. काठाला काळी लाकडं पडल्यासारखी मगरी. पलीकडे झाडांखाली तारूचं ठाणं. जिप्सीतून उतरता येत नाही, म्हणून लांबूनच हात जोडले. तारू हा गोंडांचा गावप्रमुख, वाघाशी लढताना मेला आणि देव झाला, ही गोष्ट गाइड सांगतात. पौषात इथे आदिवासींची जत्रा भरायची. रानाच्या नियमांमुळे आता पूर्वीसारखी मोकळीक उरलेली नाही.

आजी सांगायची ती गोष्ट याहून जुनी असावी. एक वरात या डोंगरांतून चालली होती. ऊन चढलं, घसे सुकले, पाण्याचा ठिपूस कुठे नाही. वाटेत एक विचित्र दिसणारा म्हातारा भेटला. म्हणाला, नवरा-नवरीने मिळून जमीन उकरावी. दोघांनी उकरली तर झरा उसळला. सगळे हसत पाण्यावर तुटून पडले. पाणी मात्र थांबेना. घोट्याला आलं, कंबरेला आलं आणि वरातच्या वरात आपल्या पोटात घेऊन त्याचं तळं झालं. पुढे काठावर एक ताड उगवला. दिवसा वर यायचा, तिन्हीसांजेला जमिनीत शिरायचा. एके सकाळी एक उतावळा यात्रेकरू त्याच्या शेंड्यावर बसला. ताड त्याला घेऊन आभाळात गेला, माणूस सूर्याने करपला, ताडाची राख झाली आणि त्या जागी तळ्याच्या देवाची मूर्ती प्रकटली.

यानंतरचा भाग आजी आवाज उतरवून सांगायची. यात्रेला आलेल्याने काठावर उभं राहून मागावं, की तळ्यातून स्वयंपाकाची भांडी वर यायची. रांधावं, जेवावं, भांडी घासावी आणि पाण्याला परत करावी. एका लोभी माणसाने ती घरी नेली. घरी जाईतो भांडी नाहीशी झाली आणि तळ्याने पुन्हा कोणाला भांडं दिलं नाही. पण शांत रात्री काठाने ढोल-तुताऱ्यांचा बारीक आवाज फिरतो, आणि एका दुष्काळात पाणी खोल गेलं तेव्हा तळाशी देवळाचे सोन्याचे कळस चमकताना म्हाताऱ्यांनी पाहिले होते.

ही गोष्ट फक्त आमच्या आजीची, असं मी कित्येक वर्षं मानत होते. पुढे ती छापलेली भेटली. मध्य प्रांतांच्या 1870 च्या गॅझेटियरमध्ये ताडोब्याखाली ती जवळजवळ याच क्रमाने आहे. त्याआधी चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाचा बंदोबस्त करणाऱ्या मेजर ल्यूसी स्मिथने या मुलखाच्या कथा आपल्या अहवालात उतरवून घेतल्या होत्या. शेतं मोजायला, सारा ठरवायला आलेला हा अधिकारी. धानाची आकडेवारी लिहिता लिहिता त्याने बुडालेली वरात लिहून ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. एक गोष्ट मात्र सलते. ग्रिम बंधूंना कासेलजवळच्या डोरोथेआ फीमान या बाईने पुष्कळ कथा सांगितल्या. ती शिंप्याची बायको, रस्त्यावरच्या खानावळीत वाढलेली, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून गोष्टी ऐकलेली. तिचं नाव त्यांनी नोंदवलं, पुढच्या आवृत्तीत तिचं चित्रही छापलं. ताडोब्याची वरात त्या साहेबाला कोणी सांगितली? कुठल्या पाटलाने, कुठल्या भुमकाने म्हणजे गोंड पुजाऱ्याने, की पाळीवर भांडी घासणाऱ्या कुठल्या बाईने? त्या माणसाचं नाव कुठेच नाही.

ताडोब्याच्या जुन्या रस्त्याकडेला गोंडकालीन दगडी खांब उभे आहेत, ओळीने. खांबाखांबाला दोर बांधलेला असे, राजा निघाला की दोर ओढून पुढच्या गावांना वर्दी जाई, असं सांगतात. रानात उभे राहून राहून त्यांच्यावर शेवाळ चढलंय. त्यांच्यावरून नजर फिरवत आम्ही परत फिरलो आणि संध्याकाळी चंद्रपूर गाठलं. राजाही याच दिशेने जात असेल.

चंद्रपुराची गोष्ट तर अख्ख्या शहराची गोष्ट आहे. खांडक्या बल्लाळशाह हा गोंड राजा बल्लारपुरात राहायचा. अंगभर गाठी, फोड, कोणत्याच औषधाने जाईनात. एकदा शिकारीत तहान लागली म्हणून तो झरपटीच्या कोरड्या पात्रात आला. एका खळग्यातून पाणी झिरपत होतं. प्यायला, हातपाय तोंड धुतलं. त्या रात्री कित्येक वर्षांनी त्याला गाढ झोप लागली. सकाळी राणीने पाहिलं तर जिथे पाणी लागलं तिथली कातडी साफ. तिने त्याला पुन्हा तिथे नेलं, गवत-वाळू काढायला लावली. खाली खडकात गाईच्या पाच पावलांचे ठसे, पाचही पाण्याने भरलेले, कितीही उपसा, न आटणारे. राजाने अंघोळ केली आणि बरा झाला. अचलेश्वराने स्वप्नात दर्शन दिलं, देऊळ बांधायला घेतलं. कामावर देखरेख करायला येता-जाता एके दिवशी राजाला अजब दृश्य दिसलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता. कुत्रा पुढे, ससा मागे. मोठं वर्तुळ घेत, वळणं घेत दोघे पळत होते. मग वर्तुळ लहान होत गेलं, ससा उलटून अंगावर गेला आणि शेवटी कुत्र्याने त्याला मारलं. राणी म्हणाली, हा शुभशकुन आहे. सशाने जी वाट धरली त्या वाटेवर तट बांधा, आणि जिथे ससा उलटला, जिथे मेला, तिथे बुरूज मजबूत करा. ते झालं चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर.

या कथेत राजाचं काम फक्त आजारी पडण्याचं, तहानलेलं असण्याचं आणि बघण्याचं आहे. कातडी साफ झाल्याचं राणीने हेरलं, झरा राणीने शोधायला लावला, सशाचा अर्थही राणीने लावला. पुढच्या काळात याच शहरात राणी हिराई झाली. नवऱ्याच्या, बीरशाहच्या मृत्यूनंतर तिने राज्य सांभाळलं, अचलेश्वराच्या आवारात त्याची देखणी समाधी उभारली, महाकालीचं देऊळ बांधलं. गोष्टीतली राणी आणि इतिहासातली राणी यांच्यात शतकांचं अंतर आहे, पण चंद्रपुरात फिरताना दोघी एकच वाटतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही सशाची वाट चालायचं ठरवलं. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण अशा पाच खिडक्या. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह, गोंडांची राजमुद्रा. तट अनेक पिढ्यांनी बांधून पुरा केला. मधल्या काळात झाडाझुडपांनी तो गिळला होता. 2017 पासून इको-प्रो या संस्थेच्या मुलांनी शेकडो दिवस रोज सकाळी फावडी-कोयते घेऊन तो मोकळा केला. काही बुरुजांवर आता निवांत चालता येतं. तट सरळ जात नाही, मध्येच झटकन वळतो. मामेभाऊ प्रत्येक वळणावर थांबून म्हणायचा, "ताई, इथं पलटला असंन ससा." मलाही तसंच वाटत होतं.

अचलेश्वर दरवाजाच्या बाहेर झरपट. जिच्या ओंजळभर पाण्याने राजा बरा झाला ती नदी जलपर्णीने झाकलेली होती आणि तिला वास येत होता. काठावर मी बराच वेळ उभी राहिले. ज्या शहराची जन्मकथाच औषधी पाण्याची, त्या शहराला ही नदी पुन्हा स्वच्छ दिसली पाहिजे, यासाठी मी कोणत्याही चंद्रपूरकराबरोबर पाण्यात उतरायला तयार आहे.

चंद्रपूरहून मूलकडे जाणारा रस्ता दाट रानातून जातो. मूल, सावली ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरलो. 26 ऑगस्ट 1982 ला चांद्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंडा. नदी इथे उत्तरेकडे वळते, म्हणून जागा काशीइतकी पवित्र मानतात. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेला मार्कंडेय यमाचा फास पडताना पिंडीला मिठी मारून बसला आणि शंकराने यमालाच मागे सारलं, ती कथा इथे घडली असं लोक मानतात. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा मात्र पुजारी आणि वानरं सोडली तर कोणी नव्हतं. 1873-74 च्या दौऱ्यात अलेक्झांडर कनिंगहॅम इथे आले होते आणि या देवळांचं देखणेपण त्यांनी आवर्जून लिहून ठेवलं. बाह्य भिंतींवर हातभरही जागा मोकळी नाही. सुरसुंदरी, व्याल, देवदेवता, हत्तींची रांग. सकाळच्या उन्हात वालुकाश्म मधासारखा होतो. घाई करू नये. एका भिंतीसमोर अर्धा तास बसावं, डोळे सरावले की मूर्ती एकेक करून पुढे येतात.

मग मी नदीत उतरले आणि वाळूने मामीचा डबा घासला. कडीच्या खोबणीत अडकलेलं बेसन निघेपर्यंत घासला. मामेभाऊ काठावरून बघत होता, काही बोलला नाही. त्यानेही तळ्याच्या भांड्यांची ती गोष्ट त्याच आजीकडून ऐकलेली.

गडचिरोलीवरून आरमोरीकडे आणि तिथून आत वैरागडला. आता लहानसं गाव, गावाबाहेर खंदक असलेला गोंडकालीन किल्ला, आत रान माजलेलं. इथे हिऱ्यांची खाण होती, आणि ही दंतकथा नव्हे. अकबराच्या काळातल्या 'आइन-ए-अकबरी'त वैरागडच्या हिऱ्यांची नोंद आहे. मातीत खेळणारी पोरं आम्हाला चमकणारी गारगोटी दाखवायला घेऊन आली. मी ती विकत घेतली नाही, हातात घेऊन उन्हात धरली, आम्ही सगळ्यांनी पाहिली आणि परत दिली.

वडशाला पोचलो तेव्हा अंधारलं होतं. देसाईगंज हे त्याचं कागदावरचं नाव. दिवाळीनंतर शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू झाले की झाडीपट्टीतल्या गावोगावी रात्रभर नाटकं होतात आणि त्या नाटक मंडळ्यांचं ठाणं वडसा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मंडळ्यांची कार्यालयं आणि रंगीत फलक. झाडीपट्टी म्हणजे झाडीचा पट्टा. इथल्या बोलीत ळ चा र होतो आणि ण चा न, म्हणून डोळा 'डोरा' होतो आणि पाणी 'पानी'. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास करून तिला अभिमानाची जागा मिळवून दिली. इथल्या रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. दंडार, खडी गंमत या लोककलांतून ही रंगभूमी उगवली, म्हणून तिच्यात गाणं, रडणं, हसणं सगळं एकाच रात्रीत येतं. हामेलनला उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी बासरीवाल्याचं नाटक चौकात होतं, नीटनेटकं, थोडक्यात. इथे आम्ही एका गावाबाहेरच्या रिकाम्या बांधीत, कनातीच्या मंडपात रात्री दहानंतर बसलो. थंडी मरणाची. बाया चादरी पांघरून, पोरं मांडीवर झोपलेली, रंगमंचाच्या कडेला ऑर्गन आणि तबला. पडदा पहाटे पडला. हजारभर माणसं एका सासुरवाशिणीच्या दुःखासाठी डोळे पुसत उठली, धुऱ्याधुऱ्याने घराकडे निघाली.

परतीचा रस्ता ब्रह्मपुरीवरून. इथल्या वनविभागात वाघ पुष्कळ आहेत आणि ते व्याघ्रप्रकल्पाच्या रेषा पाळत नाहीत. चैत्राच्या आसपास मोहफुलं वेचायला, मग तेंदूपान तोडायला पहाटे रानात जाणारी माणसं दरवर्षी मारली जातात. जर्मनीच्या श्वाल्म भागात तांबड्या टोपीवाल्या मुलीची गोष्ट सांगतात, आईने बजावूनही ती रानात वाट सोडते आणि लांडगा भेटतो. तिकडे मधल्या काळात लांडगा संपला होता, शतकभराहून जास्त काळ फक्त गोष्टीत उरला होता, 2000 च्या सुमारास परत आला. आमच्याकडे तो धोका कधी गोष्टीपुरता उरलाच नाही. ब्रह्मपुरीच्या पुढे चहाच्या टपरीवर मी एका म्हाताऱ्या बाबांना जवळच्या तलावाची वाट विचारली. ते म्हणाले, "सकारी जाजो माय. संध्याकारी नोको जाऊ, वाघ बसते पारीवर." मी सकाळीही गेले नाही.

नागभीडला दुपार झाली. स्टेशनाजवळ जुन्या छोट्या लाईनची जागा बघितली, बाजारातून गूळ घेतला आणि घर गाठलं. मामी अंगणात धान पाखडत होती. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून डब्यात गुळाचा खडा ठेवून तो तिच्या हातात दिला. तिने झाकण उघडलं, गुळाचा तुकडा मोडून आधी मामेभावाच्या आणि मग माझ्या तोंडात घातला, डबा उलटा करून पदराने पुसला आणि आत जाऊन फळीवर, त्याच्या नेहमीच्या जागी ठेवला.